लॅटिन धातूंची किल्ली आणि इंग्रजी शब्दसंपत्ती

महाविद्यालयाच्या कार्यालयातून 'बोनाफाइड' आणणारा विद्यार्थी, न्यायालयाच्या आवारात 'अॅफिडेव्हिट' करून घेणारा पक्षकार, थांब्यावर 'बस'ची वाट पाहणारा नोकरदार आणि 'व्हिडिओ' पाहण्यात रमलेला शाळकरी मुलगा, हे चौघेही आपण लॅटिन शब्द वापरीत आहोत याची जाणीव न ठेवता ते वापरीत असतात. 'बोना फिडे' म्हणजे सद्भावनेने, खऱ्या निष्ठेने. 'अॅफिडेव्हिट' म्हणजे 'त्याने शपथेवर सांगितले आहे'. 'व्हिडिओ' म्हणजे 'मी पाहतो'. 'बस' हा तर पूर्ण शब्दही नव्हे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सार्वजनिक घोडागाडीला 'ओम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी', असे नाव मिळाले आणि पुढे त्याचा केवळ शेवटचा तुकडा उरला. हा 'बस' म्हणजे लॅटिनमधील चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय होय. शाळेत संस्कृत शिकताना 'बालकेभ्यः' या रूपातील जो 'भ्यः' आपण घोकला, त्याचाच हा दूरचा नातेवाईक.

इंग्रजी शब्दसंपत्ती वाढविण्याचा विषय निघाला, की बहुतेकांना शब्दांच्या लांबलचक याद्या आठवतात. रोज वीस शब्द पाठ करावयाचे, आठवडाभराने त्यांतील निम्मे विसरावयाचे आणि आपली स्मरणशक्तीच कमी पडते अशी समजूत करून घ्यावयाची, हा अनुभव अनेकांचा आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या मनात त्यात आणखी एक शंका असते. इंग्रजी ही सर्वस्वी परकी भाषा असून आपली मराठी तिच्या आड येते, असे त्याला वाटत राहते. प्रत्यक्षात स्थिती बरीचशी उलट आहे. इंग्रजीतील जे लांब, जड आणि अवघड वाटणारे शब्द आहेत, ते ज्या रीतीने घडले, त्याच रीतीने मराठीतील हजारो संस्कृत शब्द घडले आहेत. ही रीत मराठी वाचकाला लहानपणापासून अवगत असते. ती इंग्रजीलाही लावता येते, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

इंग्रजीत लॅटिन आली कोठून?

इंग्रजी ही मूळची जर्मानिक कुळातील भाषा. रोमन लोकांनी इ. स. ४३ पासून सुमारे ४१० पर्यंत ब्रिटनच्या मोठ्या भागावर राज्य केले, पण इंग्रजी बोलणाऱ्या टोळ्या तेथे आल्या त्या त्यानंतर. म्हणजे इंग्रजीतील लॅटिन ही रोमन राजवटीची थेट देणगी नव्हे. ती टप्प्याटप्प्याने आली. इ. स. ५९७ मध्ये धर्मोपदेशक ऑगस्टिन केंट प्रांतात उतरला आणि ख्रिस्ती धर्माबरोबर चर्चची लॅटिन आली. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालय व कारभार यांमध्ये फ्रेंच भाषा शिरली. फ्रेंच ही लॅटिनचीच कन्या असल्याने तिच्यामार्फत हजारो लॅटिन शब्द रूप पालटून इंग्रजीत रुजले. पुढे प्रबोधनकाळात विद्वानांनी थेट लॅटिन ग्रंथांतून शब्द उचलले. लॅटिन ही त्या काळी युरोपातील ज्ञानभाषा होती. न्यूटनने आपला 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ १६८७ मध्ये लॅटिनमध्ये प्रसिद्ध केला. 'ऑप्टिक्स' हा ग्रंथ मात्र १७०४ मध्ये इंग्रजीत आला.

या इतिहासामुळे इंग्रजी शब्दकोशातील निम्म्याहून अधिक शब्द थेट लॅटिनमधून किंवा फ्रेंचमार्गे आलेले आहेत. काही शब्द तर दोन्ही मार्गांनी आले. 'रॉयल' आणि 'रीगल' हे दोन्ही शब्द राजासंबंधीच्या एकाच लॅटिन विशेषणापासून निघाले. पहिला फ्रेंच लोकांच्या तोंडी झिजून आला, दुसरा ग्रंथातून जसाच्या तसा आला. 'फ्रेल' आणि 'फ्रॅजाइल' यांचेही तसेच. मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. 'कान' आणि 'कर्ण', 'दूध' आणि 'दुग्ध' या जोड्यांमध्ये आपण ज्याला तद्भव आणि तत्सम म्हणतो, तोच हा भेद आहे.

धातू आणि उपसर्ग

संस्कृतातील 'हृ' या धातूला निरनिराळे उपसर्ग लावले, की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, अपहार असे शब्द तयार होतात. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे. त्यापासून आक्रमण, अतिक्रमण, संक्रमण, पराक्रम, उपक्रम हे शब्द झाले. हे शब्द आपण पाठ केलेले नाहीत; धातू आणि उपसर्ग यांच्या परिचयातून ते आपल्याला आपोआप कळतात.

लॅटिनमध्ये पाऊल टाकण्याच्या क्रियेसाठी 'ग्राद' किंवा 'ग्रेस' हा धातू आहे. त्याला 'कडे' या अर्थाचा 'अॅड' हा उपसर्ग लागला आणि 'अॅग्रेशन' म्हणजे आक्रमण हा शब्द झाला. 'पलीकडे' या अर्थाचा 'ट्रान्स' लागला आणि 'ट्रान्सग्रेशन' म्हणजे मर्यादेचे अतिक्रमण हा शब्द झाला. 'पुढे' या अर्थाचा 'प्रो' लावला की 'प्रोग्रेस' म्हणजे प्रगती. 'मागे' या अर्थाचा 'रि' लावला की 'रिग्रेस' म्हणजे पीछेहाट. 'दूर' या अर्थाचा 'डि' लावला की 'डायग्रेस' म्हणजे मूळ विषयापासून पाऊल बाजूला टाकणे, विषयांतर करणे. 'एकत्र' या अर्थाचा 'कॉन' लावला की 'काँग्रेस', म्हणजे एकत्र चालून आलेल्यांची सभा. मुंबईत १८८५ मध्ये भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या नावात हाच धातू आहे. पायरी-पायरीने होणारे ते 'ग्रॅज्युअल' आणि शिक्षणाची एक पायरी ओलांडलेला तो 'ग्रॅज्युएट'. एका धातूची ओळख होताच आठ शब्द एका सूत्रात गुंफले गेले.

प्रमुख उपसर्ग आणि त्यांचे मराठी सोबती

पुढील उपसर्ग प्रथम पक्के करावेत. प्रत्येकासमोर अर्थाने जवळचा संस्कृत उपसर्ग वा शब्द दिला आहे.

– प्रो : पुढे, 'प्र'
– प्री : आधी, 'पूर्व'
– कॉन, कॉम : एकत्र, 'सम्'
– इंटर : मध्ये, 'अंतर्'
– सुपर : वर, 'उपरि'
– सब : खाली, 'अधः', काही ठिकाणी 'उप'
– अॅब : दूर, 'अप'
– अॅड : कडे, जवळ, 'अभि', 'आ'
– एक्स, ई : बाहेर, 'निर्', 'बहिर्'
– ट्रान्स : पलीकडे, 'अति', 'पार'
– सर्कम : सभोवार, 'परि'
– काँट्रा : विरुद्ध, 'प्रति'
– रि : मागे, पुन्हा, 'प्रति', 'पुनर्'
– डि : खाली, दूर, 'अव'
– इन : याचे दोन अर्थ आहेत, 'आत' आणि 'नाही'. नकारार्थी 'इन' हा आपल्या 'अ' आणि 'अन्' यांचा सख्खा भाऊ आहे.

शब्दाच्या शेवटी लागणारे प्रत्ययही असेच ओळखीचे आहेत. 'टर' किंवा 'टॉर' हा कर्ता दाखवितो. दाता, नेता, वक्ता या शब्दांतील 'ता' तोच होय. 'टी' हा भाव दाखवितो. 'मॉर्टॅलिटी' म्हणजे मर्त्यता. 'एबल' किंवा 'इबल' हा योग्यता दाखवितो; वाचनीय, माननीय यांतील 'अनीय' त्याच कामाचा आहे.

काही महत्त्वाचे धातू

स्पेक्ट, पाहणे : संस्कृतातील 'ईक्ष्' या धातूचे काम लॅटिनमध्ये हा धातू करतो. 'इन्स्पेक्टर' म्हणजे निरीक्षक. 'एक्स्पेक्ट' म्हणजे बाहेर डोळे लावून बसणे, अपेक्षा करणे. 'सस्पेक्ट' म्हणजे खालून, नजर चोरून पाहणे. त्यावरून संशय घेणे. 'रिस्पेक्ट' म्हणजे मागे वळून पुन्हा पाहणे. ज्याच्याकडे वळून पाहावेसे वाटते त्याचा आदर. 'सर्कमस्पेक्ट' म्हणजे चहूकडे पाहून पाऊल टाकणारा, सावध. 'स्पेक्टेटर' म्हणजे प्रेक्षक. या मराठी शब्दातही 'प्र' आणि 'ईक्ष्' आहेत.

डिक्ट, बोलणे : 'प्रिडिक्ट' म्हणजे आधी सांगणे, भाकीत करणे. 'काँट्रॅडिक्ट' म्हणजे विरुद्ध बोलणे. 'प्रति' आणि 'वद्' मिळून होणारा 'प्रतिवाद' त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. 'व्हर्डिक्ट' म्हणजे सत्यवचन, त्यावरून न्यायालयातील निवाडा. 'बेनेडिक्शन' म्हणजे शुभ बोलणे, आशीर्वाद; 'मॅलेडिक्शन' म्हणजे शाप. हा धातू आपल्या 'दिश्' या धातूच्या कुळातील आहे. आदेश, निर्देश, उपदेश यांत दाखविणे आणि सांगणे हे दोन्ही अर्थ आजही एकत्र नांदताना दिसतात.

स्क्राइब, स्क्रिप्ट, लिहिणे : 'मॅन्युस्क्रिप्ट' या शब्दात 'मानुस' म्हणजे हात आणि 'स्क्रिप्ट' म्हणजे लिहिलेले. मराठी 'हस्तलिखित' हा त्याचा अक्षरशः जुळा भाऊ. 'इन्स्क्रिप्शन' म्हणजे दगडात कोरून लिहिलेला लेख. 'सबस्क्राइब' म्हणजे खाली लिहिणे, अर्थात मजकुराखाली नाव घालून संमती देणे. त्यावरून वर्गणीदार होणे. 'प्रिस्क्राइब' म्हणजे आधी लिहून ठेवणे, नेमून देणे.

पोर्ट, वाहून नेणे : 'इम्पोर्ट' आयात, 'एक्सपोर्ट' निर्यात, 'ट्रान्सपोर्ट' पलीकडे नेणे म्हणजे वाहतूक, 'डिपोर्ट' देशाबाहेर घालविणे. 'रिपोर्ट' म्हणजे परत वाहून आणणे, बातमी आणून देणे. 'सपोर्ट' म्हणजे खालून उचलून धरणे. पाठिंबा या शब्दामागील चित्रही फारसे निराळे नाही.

ड्यूस, डक्ट, नेणे : 'प्रोड्यूस' पुढे आणणे, 'रिड्यूस' मागे नेणे म्हणजे कमी करणे, 'इंट्रोड्यूस' आत नेणे म्हणजे ओळख करून देणे, 'अॅबडक्ट' दूर नेणे म्हणजे अपहरण करणे. प्रवाशांना बरोबर घेऊन जाणारा तो 'कंडक्टर'. तिकीट देणे हे त्याचे काम नंतरचे.

मिट, मिस, पाठविणे : 'ट्रान्समिट' पलीकडे पाठविणे, 'अॅडमिट' आत येऊ देणे, 'डिसमिस' पाठवून देणे, बडतर्फ करणे. 'मिशन' म्हणजे ज्या कामासाठी पाठविले ते काम आणि 'मिसाइल' म्हणजे दूर पाठविले जाणारे अस्त्र.

फिड, विश्वास : 'बोनाफाइड' आणि 'अॅफिडेव्हिट' यांचे मूळ हेच. 'कॉन्फिडन्स' म्हणजे विश्वास, 'फिडेलिटी' म्हणजे निष्ठा, 'परफिडी' म्हणजे विश्वासघात. जुन्या काळी घरोघरी ज्या संगीतयंत्रांची 'हाय-फाय' म्हणून जाहिरात होत असे, त्यातील 'फाय' म्हणजे मूळ आवाजाशी राखलेली निष्ठा.

क्रेड, श्रद्धा ठेवणे : 'क्रेडिट' म्हणजे विश्वासावर दिलेली उधारी. 'क्रेडिबल' विश्वासार्ह, 'इनक्रेडिबल' विश्वास बसणार नाही असे, 'क्रेड्युलस' कोणावरही चटकन विश्वास ठेवणारा, भोळसट. भाषाशास्त्राच्या दृष्टीने 'क्रेड' आणि 'श्रद्धा' हे एकाच मूळ शब्दाचे दोन अवतार आहेत.

स्पेलिंगचे कोडे आणि संधीचे नियम

एखाद्या इंग्रजी शब्दात एकच अक्षर दोनदा का येते, हा विद्यार्थ्यांना छळणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्या संधीच्या नियमांत सापडते. 'सत्' आणि 'जन' मिळून 'सज्जन' होतो. 'उत्' आणि 'लेख' मिळून 'उल्लेख' होतो. पुढच्या व्यंजनाच्या प्रभावाने मागचे व्यंजन त्याच्यासारखे होते. लॅटिनमध्ये नेमके हेच घडले. 'इन' आणि 'लीगल' मिळून 'इललीगल' होताना 'एन'चा 'एल' झाला, म्हणून तेथे दोन 'एल'. 'इन' आणि 'रेग्युलर' एकत्र येताना दोन 'आर' झाले. 'इन' आणि 'मॉर्टल' एकत्र येताना दोन 'एम'. 'सब' आणि 'पोर्ट' एकत्र येताना दोन 'पी'. 'अॅड' आणि 'ट्रॅक्ट' एकत्र येताना दोन 'टी'.

हे ध्यानात आले, की काही नेहमीच्या चुका कायमच्या टळतात. 'अकॉमोडेशन' या शब्दात 'सी' किती आणि 'एम' किती, याविषयी भल्याभल्यांचा गोंधळ होतो. येथे 'अॅड' आणि 'कॉम' असे दोन उपसर्ग लागोपाठ आले असून त्यापुढे 'मोड' हा मूळ भाग आहे. पहिल्या संधीत 'डी'चा 'सी' झाला, दुसऱ्या सांध्यावर 'एम'ला 'एम' भेटला. म्हणून दोन 'सी' आणि दोन 'एम'. उलट 'रेकमेंड' या शब्दात 'रि' आणि 'कॉम' हे उपसर्ग आहेत. 'रि'च्या शेवटी स्वर असल्याने तेथे दुप्पट होण्यासारखे काही नाही. म्हणून 'सी' एक आणि 'एम' दोन.

दुसरे कोडे एकाच धातूच्या दोन रूपांचे. 'परमिट'चे 'परमिशन', 'डिस्क्राइब'चे 'डिस्क्रिप्शन', 'प्रोड्यूस'चे 'प्रॉडक्शन', 'कन्व्हर्ट'चे 'कन्व्हर्जन' का होते? लॅटिन क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप आणि त्याचे भूतकाळवाचक धातुसाधित विशेषण ही दोन्ही इंग्रजीत आली. 'दृश्' पासून 'दृष्ट', 'वच्' पासून 'उक्त', 'मन्' पासून 'मत' होतात, तसाच हा प्रकार. म्हणून धातू वहीत टिपताना त्याची दोन्ही रूपे शेजारी-शेजारी लिहावीत.

दोन बहिणी

आतापर्यंतची साम्ये पाहून वाचकाच्या मनात प्रश्न येईल, की हा केवळ योगायोग आहे काय? २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत आणि व्याकरणात इतके साम्य आहे, की त्या एका समान मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. ती मूळ भाषा आता अस्तित्वात नसावी, असेही त्यांनी सुचविले. पुढील संशोधनाने हे मत दृढ झाले. लॅटिन संस्कृतपासून निघाली किंवा संस्कृत लॅटिनपासून, असे मात्र समजू नये. त्या दोघी बहिणी आहेत, आई वेगळीच.

बहिणी असल्याच्या खुणा इंग्रजीत जागोजागी दिसतात. 'व्हेइकल' आणि 'वाहन' यांचा धातू एकच, 'वह्'. 'जंक्शन' आणि 'योग' यांच्या मुळाशी जोडणे या अर्थाचा 'युज्' आहे. म्हणून 'कंजंक्शन' म्हणजे संयोग. 'इग्निशन'मध्ये अग्नी आहे, 'डेंटिस्ट'मध्ये दंत, 'नेव्ही'मध्ये नौ, 'डोनर'मध्ये दान, 'स्टेशन'मध्ये स्थान. 'इम्मॉर्टल' आणि 'अमृत' या दोहोंत नकारार्थी उपसर्ग आणि 'मृ' हा धातू आहे. 'इग्नोरन्स' आणि 'अज्ञान' यांचीही गोष्ट तीच. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांत सप्त, अष्ट, नव, दश स्पष्ट ऐकू येतात. वर्षाचा नववा महिना 'सप्त' कसा, तर जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू होत असे.

'व्हर्ट' किंवा 'व्हर्स' म्हणजे वळणे. हा आपला 'वृत्' होय. 'कन्व्हर्ट' म्हणजे परिवर्तन करणे. 'रिव्हर्स' म्हणजे मागे वळणे. 'व्हर्जन' या शब्दासाठी मराठीत 'आवृत्ती' हा शब्द रूढ आहे. संगणकावरील आज्ञावलीची नवी आवृत्ती आणि वर्तमानपत्राची शहर आवृत्ती या दोन्हींत एकच धातू वळत राहिला आहे.

नव्या कल्पनांसाठी शब्द घडवितानाही दोन्ही भाषांनी एकच वाट धरली. 'इंटरनॅशनल' हा शब्द इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम याने १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात योजला. मराठीत 'आंतरराष्ट्रीय' घडविताना तुकड्याला तुकडा जोडला गेला. 'हार्दिक' आणि 'कॉर्डियल' या दोन्ही शब्दांत हृदय आणि प्रत्यय यांखेरीज काही नाही.

कोठे सावध राहावे?

ही किल्ली उपयुक्त असली तरी ती प्रत्येक कुलपाला लागत नाही. तीन-चार धोके लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

पहिला धोका दुहेरी अर्थाच्या उपसर्गाचा. इंधनाच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले असते. येथील 'इन' नकारार्थी समजणाऱ्याला हा पदार्थ पेट घेत नाही असे वाटेल आणि अनर्थ ओढवेल. हा 'इन' म्हणजे 'आत'; पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही आहे. याच कारणास्तव पुढे 'फ्लेमेबल' हा सुटसुटीत शब्द वापरण्याचा आग्रह धरला गेला. 'इनव्हॅल्युएबल' मध्ये 'इन' नकारार्थीच आहे, पण त्याचा अर्थ 'किंमत नसलेले' नव्हे, तर 'किंमत करता येणार नाही असे'. आपला 'अमूल्य' शब्द आठवला, की घोटाळा होत नाही.

दुसरा धोका सारख्या दिसणाऱ्या मुळांचा. 'पेडेस्ट्रियन' मध्ये लॅटिन 'पेद', म्हणजे आपले पद, पाऊल आहे. 'इम्पीड' म्हणजे तर शब्दशः पायात खोडा घालणे. परंतु 'पेडिअॅट्रिशियन' या शब्दाचा पायांशी संबंध नाही. तेथे बालक या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. इंग्रजीतील वैद्यकीय आणि शास्त्रीय शब्दांत ग्रीक मुळे मोठ्या संख्येने आहेत, हे विसरू नये.

तिसरा धोका अर्थ पालटण्याचा. 'नाइस' हा शब्द लॅटिनमध्ये 'अज्ञ' या अर्थाचा होता. शतकानुशतके सरकत तो 'छान' झाला. 'कँडिडेट' म्हणजे शुभ्र वस्त्रधारी. प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे आपला झगा पांढरा शुभ्र करून लोकांत फिरत. आजचा उमेदवार कोणत्याही रंगाचे कपडे घालू शकतो. मराठीतही 'कुशल' याचा मूळ अर्थ कुश गवत नीट खुडून आणणारा, असा परंपरेने सांगतात. पण आज तो अर्थ धरून कोणी बोलत नाही. व्युत्पत्ती अर्थाच्या दारापर्यंत नेते. आत काय आहे ते शब्दकोशात आणि वापरातच पाहावे लागते.

चौथी गोष्ट मर्यादेची. रोजच्या संभाषणात सर्वाधिक येणारे छोटे इंग्रजी शब्द बहुतांशी जर्मानिक आहेत. 'गेट', 'पुट', 'टेक' यांना 'अप', 'ऑफ', 'आउट' जोडून होणारे असंख्य वाक्प्रचार लॅटिन धातूंनी उलगडत नाहीत. ते ऐकून, वाचून आणि बोलूनच येतात.

अभ्यास कसा करावा?

स्वतंत्र वही करून प्रत्येक धातूला एक पान द्यावे. वरच्या बाजूस धातूची दोन्ही रूपे आणि मराठी अर्थ लिहावा. खाली डावीकडे उपसर्गानुसार इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याच घडणीचा मराठी शब्द मिळाल्यास तो लिहावा. आठवड्याला दोन धातू पुरेत. वर्षभरात शंभर पाने भरतात आणि प्रत्येक पानावर आठ-दहा शब्द येतात. घाई करून एका दिवसात दहा धातू पाठ करण्याने पुन्हा यादीच्याच मार्गावर परतावे लागेल.

इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचताना अनोळखी शब्दाखाली रेघ ओढावी आणि शब्दकोश उघडण्यापूर्वी त्याचे तुकडे पाडून अर्थाचा अंदाज कागदावर लिहावा. मग शब्दकोश पाहावा. अंदाज बरोबर आला तर शब्द लक्षात राहतो. चुकला तर अधिकच लक्षात राहतो. शब्दकोश निवडताना व्युत्पत्ती देणारा निवडावा. नॉर्मन लुईस यांचे १९४९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले 'वर्ड पॉवर मेड इझी' हे पुस्तक याच पद्धतीवर आधारलेले असून आपल्याकडे ते सहज मिळते. शेवटी, प्रत्येक नव्या शब्दाचे स्वतःचे एक वाक्य लिहावे आणि उच्चार ऐकून घ्यावा. कारण धातू तोच राहिला तरी शब्द लांबला की आघाताची जागा बदलते.

परदेशी शिक्षणासाठीच्या जीआरई परीक्षेतून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांची साधर्म्ये हे प्रश्नप्रकार २०११ मध्ये वगळण्यात आले. तेव्हापासून शब्द सुटा न विचारता वाक्यात आणि उताऱ्यात विचारला जातो. पाठ केलेल्या एकेरी अर्थावर तेथे भागत नाही. शब्दाची घडण कळलेली असेल, तर संदर्भानुसार त्याच्या छटा ओळखणे सोपे जाते.

एक उदाहरण वाचकांनी स्वतः करून पाहावे. 'इररिव्हर्सिबल' हा शब्द प्रथमदर्शनी बोजड वाटतो. तो सोडविला तर 'इन' म्हणजे नाही, 'रि' म्हणजे मागे, 'व्हर्स' म्हणजे वळणे आणि 'इबल' म्हणजे योग्य असे चार तुकडे हाती येतात. जे मागे वळविता येत नाही ते. आता 'अपरिवर्तनीय' हा मराठी शब्द त्याच्या शेजारी लिहावा : अ, परि, वर्तन, ईय. मधला उपसर्ग सोडला तर शब्दाची बांधणी तीच आणि धातूही तोच. ज्या विद्यार्थ्याला हा मराठी शब्द कळतो, त्याला तो इंग्रजी शब्द परका वाटण्याचे काहीच कारण नाही.